टिटवीचा पत्ता

४ जून

‘टिटवीचं बेट’ या पुस्तकाच्या घरातल्या उरलेल्या माणसांनो,

म्हणजे तू आणि मी. सभेला वक्ता एक, श्रोता एक, आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी, कारण अध्यक्ष चार वर्षांपूर्वी गेले. तरी तीस वर्षांची सवय आहे म्हणून तक्रार मांडतो, आणि ती आपल्या दोघांची एकच आहे. एका पुस्तकाने आपल्या घरातली माणसं पळवून नेली.

तुझ्या बापाचंच घे. लोक त्याला समुद्राचा राजा म्हणतात. दादाने समुद्र जन्मात पाहिला नाही. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने माणूस वयाच्या अठराव्या वर्षापासून प्लास्टरच्या साच्यात उताणा पडला. डोक्यावर टांगलेल्या फळीवर कागद चिकटवून पेन्सिलीने लिहायचा, कारण उलट्या धरलेल्या पेनातून शाई उतरत नाही. त्याचे चाचे, तोफा, वादळं सगळं छताच्या ओलीकडे बघत झालेलं. हे पुस्तकाच्या पाठीवर छापत नाहीत. तिथे छापतात, ‘सागराचा सखा’.

माझं काय झालं ते तुला ठाऊक आहे. दादाने चाच्यांच्या कप्तानाला माझा जबडा दिला. खलाशांच्या संघटनेत मी हजार सभा गाजवल्या, आठ तासांच्या पाळीसाठी दोन संप केले, पण व्यासपीठावर चढलो की मागून कोणीतरी म्हणायचंच, ‘काळदात आला बघ.’ आणि आमच्या धाकट्याला तर सगळ्या जगाने दत्तक घेतलं. घरी आईने त्याचं नाव टिटवी पाडलं होतं, कारण अंगाने काडी आणि हट्टाने डोंगर. टिटवी देखील समुद्र आटवी, असं ती म्हणायची. दादाने ते नाव जसंच्या तसं पुस्तकात घातलं. आता ते पोराटोरांच्या दप्तरांवर असतं.

प्रकाशकाचं पत्र मलाही आलं. पन्नासावी आवृत्ती, समारंभ, मी चार शब्द बोलावे. कळव त्यांना, काळदाताचे दात पडले.

त्या वाचक पोरासाठी तू विचारलंस, बेटावर पाऊस लागला की टिटवी झोपायचा कुठे. लिही: उलट्या घातलेल्या होडीखाली.

फोन करू नकोस. इंजिनाच्या खोलीने माझे कान खाल्लेत, तुझं ‘हॅलो’ मला मांजरासारखं ऐकू येतं.

तुझा काका


९ जून

तीर्थरूप काका,

सा. नमस्कार. उलट्या होडीखाली, हे छान आहे. त्या मुलाला तसंच लिहिलं.

तुमची तक्रार वाचली. मला मात्र पळवून नेलेल्या माणसांपेक्षा रोज येणाऱ्या माणसांचा त्रास जास्त आहे. या महिन्यात ‘टिटवी, बेटावर’ असा पत्ता घातलेली एकतीस पत्रं प्रकाशकाने पाठवली. बाबा असताना तेच टिटवीच्या नावाने उत्तरं द्यायचे, फळीवरून, त्याच पेन्सिलीने. ते गेल्यावर मला वाटलं, बंद करू. मग एका मुलाने लिहिलं, ‘टिटवीकाका, तुम्ही आजारी आहात का?’ तेव्हापासून रविवारी दुकान बंद ठेवून बसते. सहा दिवस लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि सातव्या दिवशी मेलेल्या बापाचं अक्षर काढायचं. मला काही वाटेनासं झालंय. नळाचं पाणी भरावं तसं भरते. तुम्ही झाडं, तारे, मासे पुरवता म्हणून चालतंय.

एका पत्राचं उत्तर मात्र मला देता येत नाही. ते तसंच्या तसं उतरवून पाठवते.

‘टिटवीकाका,

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला लिहिलं होतं, पाण्याची भीती वाटते तर रोज एक बोट जास्त बुडव. मी बुडवत गेले. आता तेवीस वर्षांची आहे आणि मालवाहू जहाजावर शिकाऊ अधिकारी आहे. हे सगळं तुमच्या पुस्तकामुळे, असं माझी आई रागाने सांगते.

आमचं जहाज सध्या दुरुस्तीसाठी गोदीत उभं आहे. २ जुलैला तळाच्या टाक्या उघडायच्या आहेत. सात महिने बंद आहेत. आत उतरून गंज तपासायचं काम माझ्याकडे आलंय. मी विचारलं, हवा मोजणार ना? मुख्य अधिकारी म्हणाले, हवा आहे की नाही ते आत गेल्यावर कळतंच. सगळे हसले. मीही हसले.

तुम्ही खरे नाही आहात हे मला बारा वर्षांची झाल्यावर कळलं. तरी पत्रं येत राहिली, म्हणून विचारते. तुम्ही कधी अशा टाकीत उतरला होतात का? इथे परत विचारलं तर म्हणतील, बाई आहे, घाबरली.’

खाली फोन नंबर दिलाय. काका, मला टाकी म्हणजे गच्चीवरची माहीत. काय लिहू?

तुमची पुतणी


१३ जून

चष्मेवाल्या बाईंस,

पुस्तकाच्या पाठीवरचा नवा मजकूर प्रकाशकाने मलाही पाठवला. ‘टिटवी आजही त्या बेटावर आहे, असे लेखक अखेरपर्यंत सांगत.’ खरं आहे, सांगायचा. मुलाखतीला कोणी आलं की दादा छताकडे बघून म्हणायचा, ‘माझा धाकटा भाऊ ना? आहे की तिथेच.’ लोकांना वाटायचं, काय हा लेखक, स्वतःच्या गोष्टीत राहतो. मला त्याची कीव यायची. मी मनात म्हणायचो, याला मी सांगितलं आणि हा बिचारा अजून धरून बसलाय.

ते राहू दे.

बेटावरचे मासे तू मागच्या खेपेला विचारलेस. चपटे, राखाडी, काटे फार.

त्या मुलीला लिही की बेटावर टाक्या नसतात. संघटनेचं एक छापील पत्रक आहे, टाकीत उतरण्याविषयी. मीच लिहिलेलं आहे. कार्यालयातून मागवून घे म्हणावं.

त्या पत्राची नक्कल मला पुन्हा पाठवू नकोस.

काका


१७ जून

तीर्थरूप काका,

संघटनेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर आता फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. मालक भला माणूस. म्हणाला, ‘ताई, गेल्या मालकाचे कागद रद्दीत गेले, पण गॅस भरायचा असेल तर सांगा.’

तुमचं पत्रक मला बाबांच्या कपाटात मिळालं. काका, असली भाषा मी कधी वाचली नाही. ‘गंजाला भूक लागते. बंद टाकीत तो हवेतला प्राणवायू खातो. वास येत नाही, खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस शिडीवरून उतरता उतरता विझतो.’ मी दुकानात उभ्यानेच वाचलं. समोर एक आजोबा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत होते, त्यांना मी तीनदा ‘बरोबर’ म्हटलं, आणि ते साफ चुकत होते.

पत्रकात एका खलाशाची हकिगत आहे. वय बावीस. टाकीत पडला, आणि त्याला काढायला गेलेला स्वयंपाकीही पडला. त्या खलाशाला तुम्ही नाव दिलेलं नाही. तो तुमच्याच जहाजावरचा असणार, कारण शिडीच्या पायऱ्यासुद्धा मोजलेल्या आहेत.

मला एक सुचलं. पत्रक तसंच पाठवलं तर ती मुलगी ते घडी करून ठेवून देईल. छापील कागदाचं कोण ऐकतं? पण टिटवीचं ती नऊ वर्षांची असल्यापासून ऐकतेय. म्हणून मी टिटवीच्या नावानेच लिहिते: ‘माझा एक जिवलग मित्र होता, बावीस वर्षांचा, तो असाच गेला. मी तेव्हा जहाजावर होतो.’ तुमच्या पत्रकातली वाक्यं उचलेन. चालेल ना? मसुदा सोबत जोडलाय. चुकलं असेल तर तुम्ही दुरुस्त करा, रविवारी पाठवते.

तुम्ही बाबांवर चिडलेले असता हे मला कळतं. तुम्ही खरा समुद्र दिला आणि नाव त्यांचं झालं. पण या एका पत्रापुरतं सोडून द्या.

तुमची पुतणी


२१ जून

पुतणीबाई,

तुझा मसुदा परत पाठवतो आहे. पाठवू नकोस तो. मी दादावर कधी चिडलो नव्हतो.

त्या बावीस वर्षांच्या खलाशाला टिटवीचा मित्र करता येणार नाही. तो टिटवीच आहे.

हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितो आहे. अठ्ठेचाळीस वर्षांत बोललोही नव्हतो. लिहून झाल्यावर थांबलो, काही होतं का पाहिलं. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. बाकी काही नाही.

आम्ही दोघं एका जहाजावर होतो. त्या दिवशी टाकीत उतरून गंज खरवडायची पाळी माझी होती. दुपारी टपालाची होडी निघणार होती आणि आईला लिहायचं पत्र अर्धं राहिलं होतं. मी टाकीच्या तोंडाशी मांडीवर वही घेऊन बसलो होतो. टिटवी म्हणाला, ‘तू तुझं पुराण संपव, तोवर मी खरवडून येतो.’ मी म्हटलं, ‘पुराण नको वाटत असेल तर तू लिही आईला.’ तो म्हणाला, ‘मी लिहिलं तर ती विचारेल, इतकं छोटं का?’ आणि उतरला. शिट्टी वाजवत उतरला. त्याला सगळीकडे शिट्टी लागायची.

शिडीला चौदा पायऱ्या. सहाव्या-सातव्या पायरीपर्यंत शिट्टी ऐकू येत होती. मग थांबली. मला वाटलं दम खातोय. मी हातातलं वाक्य पुरं केलं. वाक्य होतं, ‘इकडे सगळं ठीक आहे.’ मग हाक मारली.

स्वयंपाकी धावत आला आणि कोणाला न विचारता उतरला. तोही पडला. त्याला बायको आणि तीन पोरी होत्या. मी दोन्ही पाय आत सोडले होते. तांडेलाने, आम्हा खलाशांच्या मुकादमाने, मला मागून काखेत धरलं. चौकशीत मी सांगितलं, मला धरलं म्हणून उतरता आलं नाही. सगळ्यांनी तसंच सांगितलं. पण तांडेलाचा हात पडण्याआधीच मी थांबलो होतो. एवढं मला माहीत आहे आणि तांडेलाला माहीत होतं. तोही गेला आता.

टिटवीचा पत्ता तुझ्याकडे असावा म्हणून देतो. त्या बंदराच्या मागे टेकडी आहे, टेकडीवर परदेशी खलाशांसाठी जागा आहे, तिथे सहावी ओळ, कुंपणाकडून तिसरा. शेजारी स्वयंपाकी.

आईचं हृदय नाजूक होतं. डॉक्टरांनी धक्का टाळा म्हणून बजावलेलं. मी पुढच्या टपालाने घरी लिहिलं, टिटवी एका बेटावर उतरला, होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे काम धरलंय, परत यायचं नाव काढत नाही, तुमचा टिटवी हट्टी आहेच. आईने उलट कळवलं, असू दे, सुखात आहे ना. मग दादाचं पत्र आलं. बेट केवढं आहे? झाडं कसली? पाणी गोडं मिळतं का? मी उत्तर लिहिलं. परत प्रश्न. अडीच वर्षं तो विचारत होता आणि मी कोळसा ओढावा तसा दिवस संपल्यावर बसून बेट रचत होतो. मला वाटायचं, पडल्या पडल्या विरंगुळा शोधतोय. मग कळलं, कादंबरी लिहितोय. त्यात चाचे घातले, खजिना घातला, पण बेट माझं होतं. आई ते पुस्तक उशाशी घेऊन गेली.

त्यानंतर दादाला सांगता आलं असतं. पण तोवर त्याचं पुस्तक चौदा भाषांत गेलं होतं. म्हटलं, या आडव्या माणसाने एकच गोष्ट उभी केली, ती मी कशाला पाडू.

म्हणून मी बाहेर बोलत राहिलो. कारखान्याच्या दारात, गोदीत, संसदेच्या पायऱ्यांवर. ‘एक खलाशी, वय बावीस.’ लोक ढसाढसा रडायचे. मी पाणी पिऊन पुढच्या गावाची गाडी पकडायचो.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मी वाचलेलं नाही. त्यावर भाषण केलंय दोनदा, पण वाचलं नाही. तिथे मोठा भाऊ, म्हणजे मीच, त्याला बेटावर सोडून होडी घेऊन निघतो, एवढं ऐकून आहे.

काका


२६ जून

काका,

तुमचं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी दुकान उघडलं नाही. बुधवारी उघडलं. मधल्या दिवशी काय केलं ते आठवत नाही, ताटं मात्र घासलेली होती.

त्या मुलीला मी अजून काही लिहिलेलं नाही. फोनवर मेसेज करून एवढंच कळवलं की उत्तर येतंय, तोवर उतरू नकोस. तिने लिहिलं, ‘२ तारखेला सकाळी नऊ. जहाजाचं काम आहे, टिटवीसाठी थांबवता येणार नाही.’ शेवटी एक हसरा चेहरा काढलाय.

आता दुसरं. समारंभात बाबांची फळी मांडायची म्हणून प्रकाशकाने मागितली आहे. काल ती पुसायला घेतली. मागच्या बाजूला जाड पुठ्ठा ठोकलेला आहे, तो एका कोपऱ्यात सुटला होता. आत एक लिफाफा होता. जहाज कंपनीचा.

काका, ते पत्र टिटवीकाका गेल्यानंतर सतराव्या दिवसाचं आहे. पत्ता आजीच्या नावाचा. टपालवाला खिडकीतून पत्रं बाबांच्या पांघरुणावर टाकायचा, हे आईने मला किती वेळा सांगितलंय. म्हणजे ते बाबांच्या हातात पडलं आणि आजीपर्यंत गेलंच नाही. पोचपावतीची जी प्रत आहे तिच्यावर पेन्सिलीची सही आहे.

तुमचं बेटाचं पत्र त्यानंतर आलं असणार. बाबांना पहिल्या ओळीपासून माहीत होतं.

मी परत परत तारखा लावून पाहिल्या. मला वाटलं माझीच चूक होतेय. पण नाही. ‘बेट केवढं आहे?’ हे त्यांनी तुम्हाला विचारलं तेव्हा टिटवीकाका टेकडीवर होते हे त्यांना माहीत होतं. तुम्ही आजीला वाचवत होतात आणि त्यांना वाटत होतं ते तुम्हाला वाचवतायत. आणि तुम्ही चव्वेचाळीस वर्षं एकमेकांना मासे आणि तारे कळवत राहिलात. एवढी दोन हुशार माणसं. दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

पत्रात एक वाक्य आहे: ‘मृताचा भाऊ टाकीच्या तोंडाशी हजर होता, त्यास आत उतरण्यापासून रोखण्यात आले.’ त्या ओळीच्या बाजूला बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय. अक्षर आडवंतिडवं आहे, वर धरून लिहिलेलं.

‘थांबला. बरं झालं.’

त्यांनी ‘रोखलं’ असं लिहिलेलं नाही, काका. तांडेलाव्यतिरिक्त आणखी एका माणसाला माहीत होतं.

शेवटचं प्रकरण तुम्ही वाचणार नाही, म्हणून त्यातल्या चार ओळी मी इथे उतरवते. होडी निघालेली आहे आणि मोठा भाऊ वल्हं सोडून मागे बघतोय.

‘टिटवी कमरेइतक्या पाण्यात आला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, होडी वळवू नकोस. वळवलीस तर दोघंही अडकू, मग आईकडे कोण जाईल? भावाने वल्हं उचललं. टिटवी म्हणाला, हां, अस्सं.’

अक्षर न् अक्षर तपासून उतरवलंय. मी चष्मे विकते.

त्या मुलीचं उत्तर आता मला लिहिता येणार नाही. टिटवीच्या नावाने तर नाहीच. बाबांचं अक्षर काढता येतं म्हणून मी हे चार वर्षं केलं, पण ती टाकी मी पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली आहे. तुम्ही तिला लिहा, आणि तुमच्या नावाने लिहा. सोबत तिचा नंबर देते. वेळ सहा दिवस आहे.

तुमची पुतणी


२९ जून

पुतणीबाई,

वाचलं. तू उतरवलेल्या चार ओळी दोनदा वाचल्या. मग कपाटातून पुस्तक काढून पूर्ण प्रकरण वाचलं, म्हणजे उतरवणारीने काही गाळलंय का ते पाहावं. गाळलं नव्हतंस.

तुला वाटत असेल काका रडला. नाही रडलो. चहा केला, त्यात साखर घालायची राहिली, तसाच प्यायलो. दंतवैद्याने सुई टोचल्यावर गाल असतो ना, आपलाच, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. तसं आहे. उद्या-परवा उतरेल किंवा उतरणार नाही. दादाने मला अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी माफ केलं आणि छापून चौदा भाषांत पाठवलं, आणि मी तेवढं एक पान सोडून सगळं पुस्तक वाचलं. यावर हसणारा तिसरा माणूस टेकडीवर आहे.

प्रकाशकाला कळव, पाठीवरचा तो मजकूर काढा. जागी काय घालायचं ते आपण दोघं बसून ठरवू. मुलांच्या पत्रांचंही ठरवू. घाई नाही.

घाई याची आहे. सोबत त्या मुलीचं पत्र आहे. हे पाकीट तुझ्याकडे माणसाच्या हाती पाठवतोय, पण तिच्या गोदीपर्यंत टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून याचा फोटो काढ आणि आजच्या आज तिला फोनवर पाठव. अक्षर नीट लागत नसेल तर तू वाचून दाखव. पण एक शब्दही गोड करू नकोस.

काका


२९ जून

शिकाऊ अधिकारी बाईंस,

तुम्ही मला ओळखत नाही. ‘टिटवीचं बेट’ लिहिणाऱ्याचा मी मधला भाऊ. पुस्तकातला कप्तान काळदात म्हणजे मी. तीस वर्षं मोठमोठ्याने बोललोय, पण आज हळू बोलणार आहे, कारण ऐकणारी एकच आहे.

तुम्ही विचारलंत, टिटवी कधी टाकीत उतरला होता का. उतरला होता. एकदाच. बावीस वर्षांचा होता आणि माझा सख्खा धाकटा भाऊ होता. बेट नंतर आम्ही दोघा भावांनी बनवलं, आईसाठी. तुम्हाला जी पत्रं आली ती आधी माझ्या दादाने आणि मग त्याच्या मुलीने लिहिली. कोणी वाईट मनाने लिहिली नाहीत. पण टाकीबद्दल टिटवीच्या नावाने यापुढे कोणीही लिहिणार नाही, म्हणून मी लिहितोय.

टाकी पाच महिने बंद होती. तुमची सात महिने आहे. झाकण काढल्यावर आत नुसता अंधार दिसतो आणि ओल्या लोखंडाचा वास येतो, बाकी काही वेगळं वाटत नाही. फसवतं ते हेच. गंजाने हवा खाल्लेली असते आणि उरलेलं जे असतं ते हवेसारखंच दिसतं, हवेसारखंच लागतं. तुमचे मुख्य अधिकारी म्हणाले, आत गेल्यावर कळतं. माझ्या भावाला कळलं नाही. दोन-तीन श्वासांत गुडघे गेले. त्याला काढायला गेलेल्या स्वयंपाक्यालाही कळलं नाही, आणि तो आमच्या जहाजावरचा सगळ्यात शहाणा माणूस होता.

हसणाऱ्यांवर चिडू नका. ते हसतात कारण त्यांच्या वेळी काही झालं नाही. आमच्याही तांडेलाच्या वेळी वीस वर्षं काही झालं नव्हतं. ज्याचं काही झालं तो हसायला परत येत नाही, म्हणून जहाजावर नेहमी हसणारेच उरतात. बाई म्हणून घाबरली म्हणतील, तर म्हणू द्या. मी पुरुष होतो, मीही घाबरलो होतो, आणि त्याच भीतीने मी आज हे पत्र लिहायला शिल्लक आहे. तिची मला फार लाज वाटत आली. कालच कळलं की माझ्या घरातल्या एका माणसाला तिची कधीच लाज वाटली नव्हती.

नियम तुमच्या बाजूला आहे, आणि तो तुमच्यासारख्यांच्या जिवावर लिहिला गेलाय. झाकण उघडून आत पंख्याने हवा सोडायची. मग मापक दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी असा तीन ठिकाणी प्राणवायू मोजायचा. आकडा एकवीस टक्क्यांना टेकलेला हवा. विषारी आणि पेट घेणारा वायू नाही, हेही मोजायचं. तोंडाशी एक माणूस उभा हवा, ज्याला दुसरं काहीही काम नाही, पत्र लिहायचंही नाही. आणि आत कोणी पडलं, तर त्याने श्वासाच्या नळकांड्याशिवाय मागे उडी मारायची नाही, मग आत सख्खा भाऊ का असेना.

हे सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. एकच करा. २ तारखेला सकाळी नऊ वाजता सगळ्यांसमोर मुख्य अधिकाऱ्यांकडे तिन्ही मापं लिहिलेला, सही केलेला परवानगीचा कागद मागा, आणि तो तुमच्या हातात पडेपर्यंत झाकणाच्या बाहेर उभ्या राहा.